बक्कलावरचा धागा

शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हरशिवाय दुसरं काही बांधायचं नाही, हा आनंदरावांचा नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. लिंबू-मिरची लावायची तर बाहेर, बंपरला. नारळ फोडायचा तर चाकापासून दहा हात लांब. आत, लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्याला काळा दोरा, ताईत, चुनरीचा तुकडा, काहीही लोंबताना दिसलं की आनंदरावांचा हात खिशात जायचा आणि वाकड्या पात्याचा पिवळा कटर बाहेर यायचा. ड्रायव्हरने तोंड उघडायच्या आत दोरा मातीत पडलेला असायचा.

"देव रागावला त माह्या नावानं पावती फाडा," ते म्हणायचे. "पाहून घेतो मी त्याले."

खापरखेड्याच्या वीज केंद्रात अग्निशमन दलात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर घरी बसून बायकोचं, प्रेमिलाबाईंचं, डोकं खाण्यापेक्षा ते अमोलच्या ट्रॅकवर यायला लागले. अमोल शर्यती भरवायचा. पारशिवनीच्या रस्त्याला, बंद पडलेल्या वीटभट्ट्यांच्या सपाटीवर त्याने दीड किलोमीटरचा मातीचा ट्रॅक पाडला होता आणि नागपूर, रायपूर, भोपाळकडचे पगारी ड्रायव्हर तिथे गाड्या घेऊन यायचे. आनंदरावांकडे दोन कामं. सकाळी प्रत्येक गाडी तपासून कागदावर सही करायची, आणि शर्यत सुरू झाली की आग विझवायची नळकांडी घेऊन तिसऱ्या वळणावर उभं राहायचं.

तपासणीतली शेवटची परीक्षा ड्रायव्हरांना पाठ होती. हेल्मेट घालून, सहाही पट्टे आवळून सीटमध्ये बसायचं. हे पट्टे पोटाशी एका गोल बक्कलात येऊन अडकतात आणि बक्कल फिरवलं की सगळे एकदम सुटतात. आनंदराव बाहेर उभे राहून मोठ्याने मोजायचे, एक, दोन, तीन. सातच्या आत बाहेर आला तो पास. नाही आला त्याची गाडी परत. आठ हा आकडा आनंदरावांच्या तोंडून ट्रॅकवर कुणी ऐकला नव्हता.

मागच्या वर्षी डिसेंबरात गौरांग मेला. सव्वीस-सत्तावीसचं हसरं पोरगं, हात असा की माती त्याचं ऐकायची. पाचव्या फेरीत मागचं चाक चरात गेलं, गाडी आडवी झाली आणि कुंपणात घुसली. कुंपण म्हणजे लाकडाच्या बल्ल्या. बल्ल्या काढा, टायर रचा, असं आनंदराव दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होते आणि अमोल "करू न काका, पुढच्या वेळी" म्हणत होता. एक बल्ली खिडकीतून आत गेली आणि हेल्मेटची काच फोडून आरपार गेली. आनंदराव पोचले तेव्हा गौरांगचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि इंजिन चालूच होतं. त्यांनी चावी फिरवून ते बंद केलं. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग गर्दी कुंपण तुडवून आली, मोबाइल वर धरून. एक शहाणा तर बल्ली धरून ओढायलाच लागला. आनंदरावांनी त्याच्या कानाखाली अशी वाजवली की मोबाइल एकीकडे आणि तो दुसरीकडे. त्यावर कुणीतरी त्यांच्या पाठीत दगड घातला, कुणीतरी अँब्युलन्सची काच फोडली. मेलेल्या पोराला बाहेर काढायला पंचवीस मिनिटं लागली. त्यातली पंधरा जिवंत माणसांना हाकलण्यात गेली.

गौरांगची आई लतिकाबाई. जिल्हा परिषदेत नोकरी केलेल्या, ताठ मानेच्या बाई. नवरा लवकर गेला, त्यांनी गौरांग आणि विहंग असे दोन मुलगे एकटीने वाढवले आणि दोघेही नेमके गाड्यांच्या नादी लागले. शर्यतीच्या आदल्या दिवशी लतिकाबाई रामटेकच्या पायऱ्या चढून जायच्या, रामापुढे नाडाछडी ठेवायच्या आणि तोच लाल-पिवळा धागा पोराच्या गाडीत बांधायच्या. त्या सकाळी त्यांनी तो गौरांगच्या डोक्यामागच्या पाइपाला बांधला होता. आनंदरावांनी तो त्यांच्या देखत कापला होता.

शवागाराच्या पायऱ्यांवर लतिकाबाईंनी आनंदरावांच्या तोंडात मारली. एक मारली, मग दुसरी, मग मुठी वळून छातीवर.

"माझा धागा कापला तुम्ही! माझ्यासमोर कापला! सकाळी धागा कापला अन् दुपारी माझं पोरगं..."

आनंदराव हात खाली सोडून उभे राहिले. त्यांना कुणी सोडवलंही नाही.

"कावळा बसायला अन् फांदी मोडायला," प्रेमिलाबाई घरी म्हणाल्या. "बल्लीनं मारलं त्याले. तुमच्या कटरनं नाई." बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती. आनंदरावांना कळत होतं. पण कळणं डोक्यात असतं आणि त्या मुठी छातीत बसल्या होत्या. आंघोळ करताना त्यांचा हात आपोआप तिथे जायचा.

वर्ष उलटलं. अमोलने बल्ल्या काढून टायर रचले. पोरगं गेल्यावर शहाणपण आलं, तेही काही कमी नाही म्हणायचं. आणि डिसेंबरात धाकटा विहंग त्याच टीमच्या गाडीत, भावाच्याच नंबरावर उतरला.

तपासणीच्या वेळी लतिकाबाई आल्या. वर्षभरात केस पार पांढरे झालेले. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. विहंगची गाडी शेवटची होती, इथूनच थेट स्टार्टच्या लाइनवर जायची, आणि तो पट्टे आवळून बसला होता. त्या दारातून आत वाकल्या आणि त्याच्या पोटाशी असलेल्या बक्कलावर नाडाछडी गुंडाळायला लागल्या.

"पाइपाला बांधला तर कापतात," त्या आनंदरावांकडे न बघता म्हणाल्या. "इथे बांधते. याची नाळ इथेच होती."

सात वेढे दिले. वर गाठ आणि गाठीवर आणखी एक गाठ.

आनंदरावांचा हात खिशात गेला. कटर मुठीत आला. तेवढ्यात लतिकाबाईंनी मान वळवली.

"कापायचा असेल तर कापा," त्या म्हणाल्या. "पण मग दुपारी मला तोंड दाखवू नका."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, आनंदराव आवाजाला भीत नव्हते. ते भ्याले त्या डोळ्यांना. एका मुलाला अग्नी देऊन आलेली बाई दुसऱ्याला आपल्या हातांनी बांधत होती आणि तिच्यासमोर पातं उघडायचं त्यांच्याने होईना. आपल्याकडे विहारातही परित्राणाचा पांढरा दोरा मनगटाला बांधतातच की, असंही एक पळपुटं कारण त्यांच्या मनात येऊन गेलं.

"नाई ताई," ते म्हणाले. "राहू द्या."

आणि बापासमोर विडी लपवावी तसा त्यांनी तो कटर तपासणीच्या टेबलावरच्या पत्र्याच्या डब्यात, नट-बोल्टांच्या खाली सारला. हा पिवळा कटर आज त्या बाईच्या नजरेला पडायला नको, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"काका, टेन्शन नका घेऊ," आई लांब गेल्यावर विहंग कुजबुजला. "लाइनवर गेलो की काढून टाकतो मी."

त्या दिवशी आनंदरावांनी मोजलं नाही. सात सेकंदांच्या चौकटीत खूण केली आणि खाली सही ठोकली. वाचणाऱ्याने इथे त्यांना खुशाल शिव्या घालाव्यात. त्यांनी स्वतःला याहून घाण घातल्या आहेत.

तिसऱ्या फेरीत, तिसऱ्या वळणावर, त्यांच्या डोळ्यांसमोर मागच्या गाडीने विहंगच्या गाडीला कोपऱ्यात ठोकलं. गाडी उचलली गेली. छप्पर, चाकं, छप्पर, चाकं. बॉनेट उपटून आभाळात गेलं, एक चाक एकटंच उड्या मारत शेतात गेलं. पत्र्याचा असा आवाज झाला की लांबच्या गर्दीने कानांवर हात ठेवले. मग गाडी टायरच्या ढिगात घुसली आणि उरलेल्या तीन चाकांवर सरळ उभी राहिली. पिंजरा जराही दबला नव्हता. आत हेल्मेट हललं. आनंदराव धावता धावता म्हणाले, वाचला.

मग पेट्रोलचा वास आला. तळाखालचा पाइप फुटला होता. भप्प करून ज्वाळा वर आल्या, त्या थेट विहंगच्या मांड्यांमधून.

त्यांनी नळकांडं फोडलं. पांढऱ्या भुकटीखाली आग क्षणभर दबली आणि पाइपातून नवं पेट्रोल आलं तशी दुप्पट उठली. खिडकीची जाळी उपटून ते कमरेपर्यंत आत वाकले. विहंगचे हात आधीच बक्कलावर होते आणि ते पिसाटासारखे फिरत होते.

"काका, खुलून नाही राहिलं! काका, खुलूनच नाही राहिलं!"

आनंदरावांनी त्याच्या हातांवर आपले हात घालून पिळलं. बक्कल हललं नाही. धडकेत वाकलं, असं त्यांना आधी वाटलं. मग बोटाला गाठ लागली. गाठीवरची गाठ.

हात खिशात गेला. खिसा रिकामा होता.

"कटर!" ते ओरडले. "डब्यातला कटर आणा कोनी! कटर!" अमोल दुसरं नळकांडं घेऊन धावत आला, त्याला काहीच कळलं नाही. टेबल चारशे फुटांवर होतं. आनंदरावांनी नखं घातली. भुकटीने माखलेलं सूत चामड्यासारखं घट्ट झालं होतं. त्यांच्या हातांचं कातडं सोलवटून निघालं, भुवया जळाल्या, आणि खाली विहंगचे दस्ताने काळे पडून त्याच्या बोटांना चिकटायला लागले. हे दस्ताने बारा सेकंद झळ सोसतात, हे आनंदरावांनीच शंभर वेळा पोरांना सांगितलं होतं. विहंगच्या ओरडण्यातले शब्द संपले. मग फक्त "आई" उरलं, आणि मग तेही नाही.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. त्या दिवशी पीळही जळाला. धागा आगीनेच तोडला, बक्कल फिरलं आणि आनंदरावांनी पोराला बगलेतून धरून खिडकीबाहेर ओढलं. त्याच्या हातांतून धूर येत होता. लांबून कुणीतरी शिट्टी वाजवली, टाळ्याही झाल्या.

विहंग जगला. उजव्या हाताची चार बोटं आणि डाव्याची दोन डॉक्टरांना काढावी लागली. पेपरात मथळा आला, देव तारी त्याला कोण मारी. आनंदराव दोन्ही हातांना बँडेज बांधून त्याला बघायला गेले, तर वॉर्डाच्या दारात लतिकाबाईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"या वेळी तुम्ही कापला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून माझा एक तरी उरला."

मागच्या वर्षीची मारहाण याच्यापुढे काहीच नव्हती. आनंदराव पाय सोडवून आत गेले.

आत विहंग छताकडे बघत पडला होता. "मी लाइनवर गाठीत नख घातलं होतं, काका," तो हळू आवाजात म्हणाला. "मग गौरांगची सकाळ आठवली. राहू दिला."

"मी बी तेच केलं, बेटा."

"आईला सांगू नका. कधीच. मेलेल्याचं दुःख ती करून राहिली, हे नाही झेपणार तिला."

आनंदरावांनी मान हलवून शब्द दिला. घरी येऊन त्यांनी गाडीतल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ पाहिला. तो लतिकाबाईंना कुणी पाहू दिला नव्हता. भडका उठला तिथपासून बक्कल फिरलं तिथपर्यंत त्यांनी मोजलं. सव्वीस. पुन्हा लावला, पुन्हा सव्वीस. शेवटी प्रेमिलाबाईंनी मोबाइल हिसकावून घेतला.

फेब्रुवारीत अमोलने परत शर्यत भरवली. आनंदराव जाणार नव्हते.

"नाई गेले त मोजन कोन?" प्रेमिलाबाईंनी विचारलं. म्हणून गेले.

अकरा गाड्या रांगेत उभ्या होत्या. शेवटच्या गाडीजवळ लतिकाबाई होत्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत नाडाछडीची भेंडोळी. अकराही गाड्यांच्या बक्कलांवर लाल-पिवळे वेढे बसले होते. दांडगे दांडगे ड्रायव्हर त्यांच्यापुढे मान झुकवत होते आणि अमोल फोटो काढत होता.

"पहा काका," अमोल म्हणाला, "ताईंनी समद्या पोरांले बांधलं. विहंगले ज्यानं वाचवलं तोच धागा. पब्लिकले लय आवडून राहिलं."

आनंदरावांच्या अंगाचा भडका झाला. त्यांनी कटर काढला आणि पहिल्या गाडीत हात घातला. लतिकाबाई धावत आल्या आणि दाराच्या आड उभ्या राहिल्या.

"आता काय कापता? विहंग वाचला ते विसरलात?"

"काका, राहू द्या न," ड्रायव्हरने त्यांचं मनगट धरलं. "आई आहे."

आनंदरावांनी त्याला असा हिसडा दिला की तो पत्र्यावर जाऊन आदळला. एकीकडे पोराला दिलेला शब्द होता आणि दुसरीकडे अकरा पोरं. तोंडाने सांगितलं असतं तर या बाईंनी ऐकलं नसतं, आणि ते सांगायला जीभही उचलत नव्हती.

"ताई," ते म्हणाले, "तुमी बसा गाडीत. एकदा. मंग तुमी म्हणान तसं."

लतिकाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग साडी सावरून त्या आत बसल्या. आनंदरावांनी त्या बक्कलावरचा आधीचा धागा कापला आणि नव्या, गुलाबी कातडीच्या बोटांनी सहाही पट्टे आवळले. "आता तुमच्या हातानं बांधा. सात वेढे." त्यांनी बांधले. गाठ मारली, गाठीवर गाठ मारली.

"आता खोला अन् बाहेर या. एक. दोन. तीन."

लतिकाबाईंनी बक्कल फिरवलं. फिरलं नाही. त्या किंचित हसल्या, पुन्हा फिरवलं. पाचला हसू गेलं. सातला त्या दोन्ही हातांनी ओढत होत्या. "आठ," आनंदराव म्हणाले, आणि रांगेतले ड्रायव्हर गाडीभोवती गोळा झाले. नऊ, दहा, अकरा. लतिकाबाईंनी गाठीत नखं घातली. चौदाला एक नख मोडलं, रक्त आलं. सोळाला त्यांनी हात थांबवले आणि वर पाहिलं. त्यांना कळलं होतं.

एकोणीसला आनंदरावांनी कटर पुढे केला. लतिकाबाईंनी तो हात अडवला.

"विहंग किती होता?"

"ताई, जाऊ द्या."

"किती?"

"सव्वीस."

"आगीत?"

"हो, ताई."

"मग थांबलात काहून? मोजा."

आनंदरावांनी मोजलं. वीस. एकवीस. लतिकाबाईंनी बक्कल ओढलं नाही. दोन्ही हात त्यावर ठेवले, विहंगचे होते तसे, आणि डोळे उघडे ठेवून बसल्या. चोवीस. पंचवीस. सव्वीसला आनंदराव थांबले.

लतिकाबाईंनी तळहात पुढे केला. आनंदरावांनी त्यावर कटर ठेवला. त्यांनी स्वतःच पातं वेढ्यांखाली सरकवलं आणि ओढलं. बक्कल फिरलं. त्या बाहेर आल्या.

"तुम्हाला त्या सकाळी माहीत होतं?"

"माहीत होतं. सही माहीच आहे."

"मग कापला काहून नाही?"

"तुमचं भेव वाटलं, ताई."

लतिकाबाईंनी मूठ वळली आणि त्यांच्या छातीवर मारली, वर्षापूर्वीच्याच जागी, सगळा जोर लावून. आनंदराव दोन पावलं मागे गेले. तेव्हाचा मार फुकटचा होता. हा त्यांच्या हक्काचा होता, आणि तो मिळाल्यावर त्यांना दोन महिन्यांत पहिल्यांदा पुरा श्वास घेता आला.

लतिकाबाई कटर घेऊन दुसऱ्या गाडीकडे गेल्या. धागा कापला, पिशवीत टाकला आणि तिसऱ्या गाडीकडे वळल्या. त्यांच्या मागोमाग आनंदराव आले, दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला पट्टे आवळायला सांगितले आणि मोठ्याने मोजायला लागले.